डाळीमागे उरते ते वासराचे



तूर आपण पिकवतो ती डाळीसाठी. पण क्विंटलभर तूर गिरणीत घातली तर साधारण ७० ते ७५ किलो डाळ हाती येते. बाकी राहते ते टरफल आणि चुनी. मळणीच्या वेळी खळ्यावर कुटार पडते ते वेगळेच. हे जे मागे उरते, त्यावर पहिला हक्क कोणाचा? माझे म्हणणे असे, की गोठ्यातल्या वाढत्या वासराचा.

वर्ध्याला लागून नालवाडी आहे. विनोबा १९३२ साली तिथे राहायला गेले. पुढे गोपाळराव वाळुंजकरांनी तिथे चर्मालय चालवले. मेलेल्या जनावराचे कातडे, हाड, मांस काहीच वाया जाऊ द्यायचे नाही, हा त्या कामाचा धडा होता. १९४१ मध्ये जमनालाल बजाज यांनी गोसेवेचे काम अंगावर घेतले आणि जवळच गोपुरीला झोपडी करून राहिले. मेलेल्या जनावराचेही काही फेकायचे नाही, हे जिथे शिकवले गेले, तिथे जित्या जनावराच्या तोंडचा घास आपण धुऱ्यावर जाळावा किंवा पावसात कुजू द्यावा, हे काही बरे नाही.

आपल्या भागाची गाय गवळाऊ. अंगाने हलकी, चालीला चपळ. तिची संख्या घटत आली आहे. कारणे अनेक आहेत, पण एक आपल्या हातातले आहे. कालवड नुसत्या कडब्यावर ठेवली की तिची वाढ खुंटते, ती उशिरा माजावर येते आणि उशिरा विते. मग ‘ही गाय काही परवडत नाही’ म्हणून तिला बाजार दाखवला जातो. पुष्कळदा दोष जातीचा नसतो, गव्हाणीचा असतो.

ज्वारीच्या कडब्यात प्रथिने शेकडा ३ ते ५ असतात. तूर-हरभऱ्याच्या कुटारात ती साधारण ६ ते १०, आणि तुरीच्या चुनीत १५ च्या वर. कारण साधे आहे. डाळवर्गातल्या झाडांच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. गाईच्या पोटातही कडबा पचवणारे जिवाणू असतात. त्यांना नत्र मिळाला तरच ते नीट काम करतात. म्हणून कुटार सोबत घातले की कडबाही अधिक पचतो.

आता मोजमाप सांगतो. शंभर किलोच्या वासराला रोज एक किलो कडबा, एक किलो कुटार, पाऊण किलो चुनी आणि दोन-तीन किलो हिरवा चारा, हा अंदाज धरा. चिमूटभर मीठ आणि थोडे खनिज मिश्रण घाला. चुनी भिजवून द्या. पण हे सारे एकदम सुरू करू नका. आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. तीन महिन्यांच्या आतल्या वासराचे मुख्य अन्न दूधच. त्याच्यावर कुटाराचा भार टाकू नका. आणि बुरशीचा वास येणारी चुनी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. बुरशीच्या विषाने वासरू हातचे जाते. कुटार पावसाआधी कोरड्या जागी झाकून ठेवा.

कोणी ससे पाळत असतील तर वाढत्या सशांनाही तूर-हरभऱ्याचा वाळलेला पाला आणि थोडी चुनी चालते. मात्र सशाचे पोट नाजूक. बदल आणखी सावकाश करावा आणि कच्चे सोयाबीन त्यांना घालू नये.

आता शिक्षकांसाठी एक काम. वजनकाटा नसला तरी शिंप्याची फीत असतेच. वासराच्या पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि आलेल्या संख्येला ६६० ने भागा. अंदाजे वजन किलोत मिळते. घेर ४२, लांबी ३८ असेल तर उत्तर १०१ किलोच्या आसपास येते. सातवीच्या मुलांनी दर महिन्याला आपापल्या घरचे एक वासरू मोजावे आणि वहीत मांडावे. नुसत्या कडब्यावरचे वासरू आणि कुटार-चुनीवरचे वासरू, दोघांचे आकडे शेजारी लिहावेत. गणितही होईल आणि बापालाही पटेल. घरच्या पोराने मांडलेला हिशेब बाप सहसा खोडत नाही.

तेव्हा यंदा तुरीची मळणी झाली की कुटाराची गंजी आधी झाका आणि गिरणीतून डाळ आणताना आपली चुनी मागून घ्या. ती तुमचीच आहे.