छडीच्या जागी करार

(हिंजवडी, ता. मुळशी, जि. पुणे येथे शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



एके काळी भातखाचरांचे गाव असलेले हिंजवडी आज माहिती-तंत्रज्ञान उद्यानामुळे देशभर परिचित झाले आहे. ज्यांच्या श्रमांतून येथील इमारती उभ्या राहिल्या, त्या बांधकाम मजुरांची मुलेही या परिसरातील शाळांत येतात. कोणी मराठवाड्यातून, कोणी कर्नाटकातून, तर कोणी बिहारमधून आलेला असतो. वर्षाच्या मध्येच हजेरीपटावर नाव चढते आणि काम संपले की उतरते. अशा वर्गात शिस्त कशी राखावी, हा आपला आजचा प्रश्न आहे.

छडीचा मार्ग कायद्याने बंद केला आहे. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या अधिनियमातील कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई आहे. परंतु छडी खाली ठेवल्याने हात रिकामा झाला, एवढेच. त्या हातात काय द्यावयाचे, हे आपल्यालाच ठरवावे लागेल.

गटाचे बक्षीस

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात चौथीच्या एका वर्गावर झालेला आणि १९६९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या संदर्भात मार्गदर्शक आहे. वर्गाचे दोन गट पाडण्यात आले. कोणी विनाकारण जागा सोडली किंवा मध्येच बोलले, की त्या गटाच्या नावे फळ्यावर एक खूण होई. खुणा ठरावीक मर्यादेत राहिल्या, तर दोन्ही गट विजयी ठरत. बक्षीस म्हणून त्यांना दिवसअखेर मोकळा वेळ मिळे. गोंगाट पुष्कळच घटला. मात्र दोन मुलांनी ‘आम्ही खेळत नाही’ असे जाहीर केले आणि त्यांना गटातून वेगळे काढावे लागले.

या दोन मुलांकडे आपण विशेष लक्ष दिले पाहिजे. गटाचे बक्षीस हुकले की सर्वांच्या नजरा एकाच मुलाकडे वळतात. आपल्याकडे तो बहुधा भाषा न कळणारा, नुकताच आलेला मुलगा असेल. ‘याच्यामुळे आपला खेळाचा तास गेला’ हे वाक्य वर्गात उमटले, तर छडी केवळ शिक्षकाच्या हातातून मुलांच्या हातात गेली, असे म्हणावे लागेल. म्हणून तीन पथ्ये पाळावीत. गट दर पंधरवड्यास बदलावेत. खूण गटाच्या नावे करावी, मुलाचे नाव फळ्यावर लिहू नये. आणि दोषांपेक्षा चांगल्या गोष्टी मोजाव्यात : नव्या सोबत्याला धडा समजावून दिला, एक खूण, मधल्या सुट्टीनंतर वेळेवर जागेवर बसले, एक खूण. मग नवखा मुलगा गटाला ओझे वाटणार नाही. त्याला मदत करण्यातच गटाचा लाभ राहील.

कराराला दोन बाजू

दुसरे साधन म्हणजे वर्तन-करार. करार म्हटला की दोन्ही पक्षांवर बंधन आले. विद्यार्थ्याने काय करावे, एवढेच लिहिले तर तो हुकूम होतो. शिक्षक काय करतील आणि घरचे काय करतील, हेही त्यात असावे.

समजा, एक मुलगी रोज उशिरा येते. चौकशीअंती कळते की आईवडील कामावर जातात आणि धाकट्या भावाला तीच सांभाळते. येथे दंड निरुपयोगी आहे. भावाला अंगणवाडीत पोहोचविण्याची जबाबदारी पालकांनी घ्यावी, मुलीने परिपाठाला हजर राहावे आणि बुडालेला पाठ शिक्षकांनी पुन्हा शिकवावा, असा आठवड्याचा करार करता येईल. भाषा मुलीला वाचता येईल अशी असावी. वाचता न येणाऱ्या पालकांना तो मोठ्याने वाचून दाखवावा. आठवड्याअखेर तिघांनी एकत्र बसून काय जमले आणि काय अडले, ते पाहावे. करार मोडला तर प्रथम अट अवघड होती काय, हे तपासावे.

बक्षीस की लाच?

बक्षिसाने मुले लोभी होतात, असा आक्षेप घेतला जातो. तो हलका नाही. भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी शिक्षेप्रमाणेच बक्षिसालाही थारा दिला नव्हता. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे बालशिक्षणाचे कार्य उभे केले. मुलाला कामातच गोडी वाटली पाहिजे, हा या परंपरेचा आग्रह आपणही सोडू नये. म्हणून बक्षीस पैशाचे किंवा खाऊचे नसावे. गोष्टीचा तास, मैदानावर जादा अर्धा तास, झाडाखाली भरलेला वर्ग : यांना खर्च नाही आणि ती सर्वांनी मिळून उपभोगावयाची आहेत. सवय रुजू लागली की बक्षिसांतील अंतर वाढवीत न्यावे. कामाची गोडी लागेपर्यंतचा तो आधार आहे.

मित्रहो, येथील कित्येक मुलांच्या वाट्याला मोठ्यांनी पाळलेला शब्द क्वचितच आला असेल. ‘दिवाळीनंतर गावी जाऊ’, ‘पुढच्या वर्षी हीच शाळा’ ही वचने परिस्थितीमुळे मोडत आलेली असतात. म्हणून शुक्रवारी गोष्ट सांगण्याचे कबूल केले असेल, तर कितीही कामे असोत, शुक्रवारी ती सांगितलीच पाहिजे. आपण शब्द पाळला, तर मूलही पाळावयास शिकेल. आणि काम संपून ते दुसऱ्या गावी, दुसऱ्या शाळेत गेले, तरी हे शिक्षण त्याच्याबरोबर जाईल.