तुरुंगाच्या शिपायाचें शिक्षण

तुरुंग म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें कैदी उभा राहतो. किल्ल्यांचा जुडगा घेऊन त्याच्या कोठडीबाहेर उभा असलेला शिपाई मात्र आपल्याला दिसत नाहीं. वस्तुतः बहुतेक कैदी केव्हांतरी सुटून घरीं जातात. शिपाई आपली उमेदीचीं वर्षें त्याच भिंतींआड काढतो. अशा माणसाला काय शिकवावें, हा आजचा विषय आहे.

आपल्याकडे १८९४ च्या कारागृह कायद्याची छाया फार दिवस राहिली. भिंत, कुलूप आणि शिस्त यांवर त्या कायद्याचें लक्ष. कवायत निरुपयोगी आहे असें मी म्हणत नाहीं. दंगा उसळला म्हणजे तीच कामीं येते. पण दंगा रोज होत नाहीं. रोज होतें तें निराळेंच. नवा कैदी पहिल्या रात्रीं जेवत नाहीं, भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. कोणाला घरून मृत्यूची वार्ता येते. तें मौन शिपायाला वाचतां आलें तर एक जीव वांचण्याचा संभव असतो. नाहीं तर सकाळीं पंचनामा करण्याची पाळी येते.

संयुक्त राष्ट्रांनीं २०१५ मध्यें संमत केलेल्या नियमांत, ज्यांना नेल्सन मंडेला यांचें नांव आहे, सेवेंत घेण्यापूर्वीं शिक्षण आणि त्यानंतर तात्त्विक तसेंच प्रत्यक्ष परीक्षा सांगितली आहे. प्रथमोपचार, मनोविकारांचीं पूर्वचिन्हें, बळाचा मर्यादित वापर हे विषय त्यांत येतात. शिवाय सुरक्षिततेची एक नवी कल्पना आहे: कैद्यांत वावरून, त्यांच्याशीं बोलून धोका आधींच ओळखणें. नवी म्हणतों खरी, परंतु औंध संस्थानानें १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बिनभिंतींची वसाहत उभारली, तेथें माणूस ओळखण्यावांचून दुसरा पहारा कोणता असणार? नॉर्वेंत तर हें शिक्षण दोन वर्षें चालतें, तेंही पगारासह; आणि त्यांतला कांहीं काळ प्रत्यक्ष तुरुंगांत जातो.

असें शिक्षण व्याख्यानांनीं होत नाहीं. वर्गांत एकानें कैदी व्हावें, दुसऱ्यानें शिपाई. मृत्यूची ती वार्ता त्यानें सांगून दाखवावी आणि इतरांनीं निमूटपणें पाहावें. पहिल्या खेपेस बहुतेकांची जीभ अडखळेल. ती वर्गांत अडखळलेलीच बरी.

खरी अडचण पुढें येते. शिकून आलेल्या पोराला जुना हवालदार म्हणतो, "पुस्तकांतलें पुस्तकांत ठेव, इथें असें चालत नाहीं." सहा महिन्यांचें शिक्षण एका वाक्यांत पुसलें जातें! म्हणून हवालदार आणि सुभेदार यांना आधीं शिकवावें; नवशिक्यांना मागाहून.

आणखी एक रोकडा प्रश्न. दहा शिपाई वर्गांत बसवावयाचे तर त्यांच्या जागीं पहाऱ्यास दहा माणसें हवींत. तीं नसलीं म्हणजे वर्ग पुढें ढकलला जातो. त्या दहा जणांच्या पगाराची तरतूद ज्या वर्षीं अंदाजपत्रकांत दिसेल, त्या वर्षीं शिक्षण सुरू झालें असें मी समजेन.