रात्री पाय स्वस्थ बसत नाहीत तेव्हा

बालगंधर्व रंगमंदिरात रात्रीचा प्रयोग रंगात आला की काही प्रेक्षक चुळबुळू लागतात. पोटऱ्यांच्या आतून मुंग्या आल्यासारखं, ओढल्यासारखं होतं. उठून चार पावलं चाललं की बरं वाटतं, बसलं की पुन्हा तेच. घरी पाठ टेकली की हाच त्रास झोप उडवतो. हा रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम असू शकतो. स्वीडनचे डॉक्टर कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम यांनी 1945 साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. घरच्यांनी याला चाळा म्हणू नये. हा मज्जासंस्थेचा खराखुरा विकार आहे.

मेंदूत लोह कमी पडलं की डोपामिन या रसायनाचं काम बिघडतं आणि हा त्रास होऊ शकतो. म्हणून आधी रक्तातलं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकतं, आणि नेमकं तेच बऱ्याचदा राहून जातं. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, त्यामुळे बायकांनी हे अंगावर काढू नये. गरोदरपणात आणि डायलिसिसवर असताना त्रास वाढतो. लोहाच्या गोळ्या मात्र मनाने सुरू करू नका. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह शोषू देत नाही.

सर्दीच्या, गुंगी आणणाऱ्या काही गोळ्यांनीही पाय जास्त वळवळतात. डॉक्टरांना त्या जरूर दाखवा. संध्याकाळी पोटऱ्या ताणा, चोळा, गरम पाण्याने शेका. आणि नाटकाचं तिकीट काढताना कडेची खुर्ची मागून घ्या.