पाळणाघर आणि कायद्याचा हात

म्हैसूरचे नाव निघाले की रेशीम, चंदन आणि उदबत्ती या तीन वस्तू आठवतात. १९१२ साली नालवडी कृष्णराज वोडेयर यांच्या कारकीर्दीत तेथे सरकारी रेशीम विणकामाचा कारखाना निघाला. चंदनतेलाचा कारखाना पुढे चारपाच वर्षांनी आला. उदबत्तीला मात्र कारखान्याच्या भिंतींची फारशी गरज पडली नाही. बांबूच्या काडीवर मसाला वळण्याचे काम बायका आपापल्या घरीच बसून करीत आल्या. कारखान्यात जाणारी स्त्री आणि घरी उदबत्ती वळणारी स्त्री एकाच शहरात नांदतात, दोघींच्याही पदराशी तान्हे मूल असते. परंतु ते मूल कोठे निजते, काय पिते, याची चौकशी करण्याचा अधिकार घेऊन सरकारी निरीक्षक जाऊ शकतो तो पहिलीच्या मुलाकडे. दुसरीच्या उंबऱ्यापाशी कायद्याचे पाऊल अडते.

हा भेद समजून घ्यावयाचा तर १९४८ च्या कारखाना अधिनियमाकडे वळले पाहिजे. जेथे विजेच्या शक्तीवर दहा किंवा शक्तीवाचून वीस कामगार काम करतात, तो या कायद्याच्या दृष्टीने कारखाना. अशा कारखान्यात पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तर त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवणे मालकावर बंधनकारक झाले. १९७६ साली ही संख्या तीसवर आणण्यात आली. नुसती खोली दाखवून मालकाची सुटका होत नसे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या नियमांत दर मुलामागे वीस चौरस फूट जागा, रोज किमान अर्धा पाइंट स्वच्छ दूध आणि मुलाला पाजण्यासाठी आईला कामाच्या वेळात किमान पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन सुट्या, इतका बारीक तपशील लिहिलेला होता. कायद्याच्या रुक्ष पुस्तकात दुधाचे माप यावे, ही तशी दुर्मिळ गोष्ट!

हे माप पाहायचे कोणी? कलम ९ ने ते काम निरीक्षकाकडे दिले. कारखाना चालतो अशी सकारण समजूत असेल त्या जागेत त्याने शिरावे, सोबत योग्य वाटतील ते साहाय्यक न्यावेत, जागा, यंत्रे आणि वस्तू तपासाव्यात, नोंदवह्या मागवाव्यात, जागच्या जागी जबाब घ्यावेत. त्याला अडवणे हा स्वतंत्र गुन्हा होता आणि त्याची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैदेची. मात्र याच कलमाला एक मर्यादाही जोडलेली होती. स्वतःला गुन्ह्यात गोवणारे उत्तर देण्याची सक्ती निरीक्षकाला कोणावरही करता येत नसे. मालक कितीही कसूरदार असला तरी तो नागरिक आहे, हे कायदा विसरला नाही आणि ते योग्यच झाले.

परंतु निरीक्षकाची खरी सत्ता दार उघडण्यात नव्हती. ती होती कलम १०५ मध्ये. त्याने स्वतः तक्रार केल्याखेरीज किंवा पूर्वी लेखी मंजुरी दिल्याखेरीज न्यायालय या गुन्ह्याची दखलच घेऊ शकत नसे. शिवाय गुन्हा निरीक्षकाच्या नजरेस आल्यापासून तीन महिन्यांत फिर्याद झाली नाही, तर ती सामान्यतः बाद. म्हणजे पाळणाघरात दूध येत नाही हे दहा आयांना ठाऊक असले, तरी त्या दहाजणींच्या हाती कोर्टाची किल्ली नव्हती. ती एकट्या अधिकाऱ्याच्या खिशात होती. तो आला नाही, किंवा आला आणि चहा घेऊन गेला, तर कलम ४८ पुस्तकातच राहायचे.

रचनेत आणखी एक खोट होती. मोजणी फक्त स्त्रियांची होत असल्याने त्यांची संख्या तिसाच्या पुढे जाऊ न देण्याचा मोह मालकाला पडणे स्वाभाविक होते. मूल जणू केवळ आईचेच! बाळंतपणाचा भार केवळ कुटुंबाने सोसू नये, हा विचार मुंबई इलाख्यात जुना आहे. १९२८ साली विधिमंडळात मातृत्व लाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता आणि १९२९ साली तो कायदा झाला. तरीही पाळणाघरासाठी स्त्रीपुरुष सर्व कामगार मोजण्याची सुधारणा व्हायला २०१७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याचा हक्क मिळाला. म्हैसूरच्या विणकरणीप्रमाणे तेथील संगणक कंपन्यांत काम करणाऱ्या मुलीही या कक्षेत आल्या.

मालकाच्या आवाराबाहेर, शेजारच्या गल्लीत चालणाऱ्या खासगी पाळणाघराचे काय? २०१६ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईतील खारघर येथे दहा महिन्यांच्या मुलीला पाळणाघरात झालेली मारहाण कॅमेऱ्यात टिपली गेली, तेव्हा हा प्रश्न घराघरांत विचारला गेला. तेथे पोलीस आले ते गुन्हा घडून गेल्यावर. निरीक्षकाने यायचे असते त्याच्या आधी. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात बालगृहांची नोंदणी सक्तीची आहे आणि किमान तीन जणांच्या समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी तेथे जावे, तिच्यात एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी असावा, असा दंडक आहे. पण तो निराधार आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या निवासासाठी. संध्याकाळी आई ज्याला घरी नेते, ते मूल त्या व्याख्येत बसत नाही.

इंग्लंडने हा मार्ग वेगळ्या रीतीने काढला. ज्या १९४८ साली भारतात कारखान्यातील पाळणाघराला कायद्याचे रूप आले, त्याच वर्षी तेथे पाळणाघरे आणि मोबदला घेऊन घरी मुले सांभाळणाऱ्या बायका यांच्या नोंदणीचा कायदा झाला. कारखान्याशी संबंध असो वा नसो, परक्याचे मूल सांभाळण्याचा व्यवसाय हीच तेथे तपासणीची कसोटी ठरली. २००१ पासून इंग्लंडमध्ये हे काम ऑफस्टेड या संस्थेकडे आहे आणि मुलांना धोका दिसल्यास नोंदणी तात्काळ स्थगित करण्याचा अधिकार तिला आहे. खटला चालेपर्यंत मुले त्याच जागी राहू नयेत, यासाठी हा अधिकार दंडापेक्षा मोलाचा.

भारतात २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अंमलात आल्या आणि १९४८ च्या कायद्याची जागा त्यांनी घेतली. पाळणाघरासाठी पन्नास कर्मचाऱ्यांची अट कायम आहे, चार भेटीही आहेत. पण कारखान्याची व्याख्या शक्तीवर वीस आणि शक्तीवाचून चाळीस कामगारांपर्यंत वर सरकली. निरीक्षकाच्या पदनामाला आता साहाय्यकाची जोड मिळाली आहे. कोणाची तपासणी करावयाची याची निवड संगणकावर यादृच्छिक पद्धतीने व्हावी आणि फिर्यादीपूर्वी मालकाला चूक सुधारण्याची संधी द्यावी, असा रोख आहे. नोंदवही अपुरी असेल तर अशी संधी देणे शहाणपणाचे. पण जिन्याला कठडा नसेल, तर ती सुधारणा होईपर्यंत त्या जिन्यावर मूल रांगत असते.

कर्नाटक सरकारने २०२३ साली ग्रामपंचायतींत ‘कूसिन मने’, म्हणजे तान्ह्याचे घर, या नावाची पाळणाघरे उघडण्याचे ठरवले. ती रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी होती. तेथे ना गिरणीचा मालक, ना पन्नासांची मोजणी. म्हैसूरच्या गल्लीत उदबत्ती वळणाऱ्या बाईला असे घर शहरात मिळायचे, तर ते कोणी चालवायचे आणि त्याच्या दारात कोणत्या कायद्याचा निरीक्षक उभा राहायचा, हे प्रथम लिहून ठेवावे लागेल.