हाताच्या मापाचे मोजे

‘हातमोजे देतो, पण बायकाच घालत नाहीत,’ असं कंत्राटदार म्हणतो. पुण्यात कचेऱ्यांच्या काचा बाहेरून धुणाऱ्या बायकांबरोबर मी डिसेंबरातल्या गार सकाळी उभी राहिले, तेव्हा कारण कळलं. मोजे पुरुषांच्या मापाचे. बोटांची टोकं रिकामी, त्यामुळे फडकं निसटतं. हात वर केला की पाणी मनगटावरून आत शिरतं. भिजल्या मोज्यापेक्षा उघडा हात बरा, असं त्यांना वाटलं तर नवल काय?

मग आम्ही टेप घेऊन बसलो. अंगठा सोडून तळव्याचा घेर मोजला. सुमारे 18 सेंटिमीटर म्हणजे 7 नंबर, 20 म्हणजे 8. वरचा मोजा नायट्रिलचा, लांब बाह्यांचा हवा. त्याची कड बाहेर दुमडली की ओघळ तिथेच अडतो. आत वेगळा लोकरी मोजा हवा. घामानं ओलसर झाला तरी तो ऊब धरतो, आणि काढून वाळवता येतो. तो घालूनच वरच्याचं माप पाहायचं. विकत घेण्याआधी वरच्या मोज्यात हवा भरून दाबायचं, म्हणजे छिद्र कळतं.

आता आमच्या मागणीपत्रात प्रत्येकीच्या नावापुढे तिचा नंबर आहे. ‘घालत नाहीत’ ही सबब संपली. आणि पैसे मजुरीतून कापायचे नाहीत, हेही त्यात लिहिलं आहे.