‘फॉरेन’ शब्दाचे दार

(अकोले येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आपल्या घरांतून रोज उच्चारल्या जाणाऱ्या एका इंग्रजी शब्दाविषयी मी आज बोलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘फॉरेन’. कुणाचा मुलगा फॉरेनला असतो, कुणाकडे फॉरेनचे घड्याळ असते. एके काळी वस्तूला ‘फॉरेनची’ म्हटले की तिची पारख करण्याचीही गरज उरत नसे! सातासमुद्रांपलीकडचे अंतर आपण या शब्दात भरून ठेवले आहे. त्याच्या मूळ अर्थात मात्र जेमतेम एका उंबरठ्याचे अंतर आहे.

लॅटिन भाषेत ‘फोरेस’ म्हणजे दार आणि ‘फोरिस’ म्हणजे दाराबाहेर. तेथून जुन्या फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. त्याच्या लेखनात ‘जी’ हे अनुच्चारित अक्षर दिसते, ते मुळातले नव्हे. राज्य या अर्थाच्या ‘रेन’ शब्दाच्या देखादेखी ते मागाहून घुसले. म्हणजे परकेपणा सांगणाऱ्या शब्दात खरे परके ते अक्षरच! आता कौतुक पाहा. हे लॅटिन ‘फोरेस’, आपले संस्कृत ‘द्वार’, मराठी ‘दार’ आणि इंग्रजी ‘डोअर’ ही एकाच मूळ शब्दाची भावंडे आहेत. मध्ययुगीन इंग्रजीत ‘फॉरेन’ खोली म्हणजे शौचकूप. हसू नका, आपले आजोबाही ‘बहिर्दिशेस’च जात असत.

परक्यासाठी आपणही शब्द घडवले वा स्वीकारले. ‘फ्रँक’ लोकांवरून आलेला ‘फिरंगी’ पुढे युरोपीय पात्याच्या तलवारीचे नाव झाला आणि ती तलवार मराठ्यांच्या कमरेला शोभू लागली. ‘विलायत’ हा मूळचा अरबी शब्द, अर्थ प्रांत किंवा मुलूख. आपल्याकडे त्याचा अर्थ इंग्लंड झाला. गोऱ्या सोजिरांनी तो उचलला, ‘ब्लायटी’ असा वाकवला आणि पहिल्या महायुद्धात खंदकात बसलेले सैनिक आपल्या मायभूमीला त्याच नावाने आळवू लागले. कुणाचा परका आणि कुणाचे घर, हे शब्द असे अदलाबदल करीत हिंडतात.

हे सारे गमतीचे झाले. परंतु याच ‘फोरिस’पासून आणखी एक शब्द निघाला आणि अकोल्यात उभे राहून तो टाळता येणार नाही. तो शब्द ‘फॉरेस्ट’. बहुतेक भाषाभ्यासकांच्या मते उत्तरकालीन लॅटिनमधील ‘फोरेस्टिस’ हे त्याचे मूळ, आणि त्याचाही अर्थ ‘बाहेरचे’ रान. कशाच्या बाहेरचे? सामान्य लोकांच्या वहिवाटीच्या बाहेरचे, राजाच्या शिकारीसाठी राखलेले. १०६६ नंतर नॉर्मन राजांनी इंग्लंडमध्ये ही व्यवस्था रुजवली. तेथे ‘फॉरेस्ट’ हा झाडांचा नव्हे, कायद्याचा शब्द होता. तेथील प्रजेने हे मुकाट्याने सोसले नाही. मॅग्ना कार्टा आपण शाळेत शिकतो, पण १२१७ सालच्या वनसनदेचे नाव फारसे ऐकू येत नाही. त्या सनदेने सामान्य माणसाला रानात गुरे-डुकरे चारण्याचे, सरपण आणण्याचे हक्क परत दिले.

जो हक्क इंग्रजांनी आपल्या घरी राजाकडून मिळवला, तोच त्यांनी येथे १८७८ च्या वन अधिनियमाने काढून घेतला. रानाचे राखीव, संरक्षित असे वर्ग पडले. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट ही सरकारच्या मेहेरबानीची ‘सवलत’ झाली. रतनगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाईच्या कुशीतल्या महादेव कोळी आणि ठाकर बांधवांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. भातासाठी दाढ भाजायची तर राब हवा, राबाला फांद्या हव्यात. हिरडा, मध, सरपण हे सारे त्याच रानातले. देवगावचे राघोजी भांगरे २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले, ते सावकार आणि सरकार यांच्याशी लढून. वन अधिनियम त्यानंतर तीस वर्षांनी आला आणि त्यांच्या मुलखातला माणूस घर न सोडताच दाराबाहेरचा ठरला.

आपला ‘अरण्य’ शब्द तरी वेगळा आहे का? त्याचे मूळ ऋग्वेदातल्या ‘अरण’ शब्दात सापडते आणि अरण म्हणजे दूरचा, परका! म्हणजे आपल्या पूर्वजांनीही रानाला गावाबाहेरचेच मानले होते. पण त्या बाहेर जाऊन त्यांनी आरण्यके रचली, वानप्रस्थ हा आश्रमच मानला. अर्थात खांडववन जाळल्याची कथाही आपल्याच महाभारतात आहे, ती विसरून नुसता अभिमान बाळगण्यात अर्थ नाही. आणि प्रवरेकाठी ज्यांच्या नावाने आपण मस्तक नमवतो ते अगस्ती ऋषी परंपरेप्रमाणे विंध्य ओलांडून उत्तरेकडून आलेले. अकोल्याचे पहिले पाहुणे म्हणा ना! आज अगस्तींवाचून अकोल्याची कल्पना कोण करील?

स्वतंत्र भारताला कायद्यातली ही ‘बाहेर’ची रेघ पुसायला फार वर्षे लागली. १९२७ चा इंग्रजी वन अधिनियम आपण तसाच चालू ठेवला. रानात नांगर धरणाऱ्यासाठी सरकारी कागदावर शब्द राहिला ‘अतिक्रमण’. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने प्रथमच, आणि तेही उद्देशिकेतच, वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले. दाव्यांची सुरुवात ग्रामसभेपासून व्हावी असे ठरले. तरीही १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे नामंजूर झालेल्यांना हटविण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. मधले पंधरा दिवस देशातील लाखो कुटुंबांनी कसे काढले असतील, याची कल्पना करा.

येथे महाविद्यालयातले बरेच तरुण बसलेले दिसतात, त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. या कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून नुसते सरकारी कागदच लागतात असे नाही. शेताचे बांध, जुनी घरे ही चिन्हेही पुराव्यात धरतात. दावेदार सोडून गावातल्या अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही ग्राह्य धरले जाते. तुमच्या आजीला रानातल्या प्रत्येक पाणवठ्याचे, खाचराचे, देवराईचे नाव ठाऊक आहे. सुट्टीत घरी जाल तेव्हा तिच्यापाशी वही-पेन्सिल घेऊन बसा, नावे उतरवून घ्या, खाली तारीख घाला, गावातल्या दोघांच्या साक्षी घ्या. आणि ती वही ग्रामसभेपुढे ठेवा.