बटाट्याची पिशवी



आज आम्ही तुम्हांला एका पिशवीची गोष्ट सांगणार आहोत.

आमच्या शिवणवर्गाला शहरातून काम आले. बटाटे शिजवायच्या 40 पिशव्या शिवून हव्या होत्या. बाया हसू लागल्या. "पिशवीत बटाटे शिजतात होय? जळायची नाही का ती?"

पण ही पिशवी चुलीवर ठेवायची नव्हे. ती मायक्रोवेव्ह भट्टीत ठेवायची. अमेरिकेत गोधड्या शिवणाऱ्या बाया अशा पिशव्या घरीच शिवतात. दोन्हीकडे कापड आणि मध्ये कापूस. धुतलेला ओला बटाटा आत घालायचा. काही मिनिटांत तो मऊ होतो.

या भट्टीत जाळ नसतो. विजेवर तिच्यात लहरी निघतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्या पदार्थातले पाणी तापवतात. बटाट्याच्या 100 भागांत सुमारे 80 भाग पाणीच असते. म्हणून तो लवकर शिजतो. पाणी आहे तोवर उष्णता 100 अंशांच्या फारशी पुढे जात नाही. पाणी आटले की मात्र बटाटा करपतो, त्याचा कोळसा होतो. मग त्याला लागलेले कापडही पेट घेते. कापडावर तेलाचा डाग असेल तर धोका आणखी वाढतो. तेल पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापते.

आम्ही पहिली पिशवी जुन्या साड्यांच्या तुकड्यांची शिवली. काठाला जर होती. दिसायला मोठी छान! आमच्या बाईंच्या बहिणीकडे भट्टी आहे. तिथे पिशवी ठेवली. मिनिटभरात आत ठिणग्या उडाल्या आणि धूर झाला. जरीत धातू असतो, त्याने ठिणग्या उडतात. बहीण शहाणी. तिने दार उघडले नाही. आधी बटण बंद केले, मग पिन काढली. दार बंद राहिले तर आगीला हवा मिळत नाही. थोड्या वेळाने आग आपोआप विझली. पिशवीला भोक पडले होते. दार उघडले असते तर ज्वाळा बाहेर आली असती.

मग आम्ही बाकीचे कापड तपासले. एकेक दोरा काढला. अंगणात, पाण्याच्या ताटावर, चिमट्यात धरून पेटवला. सुती दोरा कागदासारखा जळतो, त्याची मऊ राख होते. पॉलिस्टरचा दोरा आक्रसतो, वितळतो, त्याचा टणक मणी होतो. आमचे निम्म्याहून अधिक कापड मिश्र निघाले. शिवायचा दोराही पॉलिस्टरचाच!

आता काय करावे? एक जण म्हणाली, "देऊन टाकू. कोणाला कळणार आहे?" तेव्हा म्हातारी सखूबाई बोलली, "ज्या घरात पिशवी जाईल, तिथंही लेकरं असतील ना?" सगळ्या गप्प झाल्या.

नवे सुती कापड घ्यावे, असे काहींनी सुचवले. पण सुती पिशवीसुद्धा जास्त वेळ ठेवली तर पेटते. विकत घेणारा किती मिनिटे ठेवील, ते आपल्या हाती नाही. शेवटी आम्ही काम परत केले. मजुरी बुडाली. वाईट वाटले, नाही कसे म्हणावे? त्याच कापडाच्या मग बाजाराच्या पिशव्या शिवल्या. त्या खपल्या.

तुमच्यापैकी कोणाची लेक शहरात घरकामाला असेल. तिच्या हाती ही भट्टी येईल. तिला एवढे सांगा :

बटाट्याला काट्याने भोके पाड, नाहीतर वाफ कोंडून तो फुटतो.

पिशवीऐवजी भट्टीत चालणारे काचेचे भांडे घे. झाकण सैल ठेव.

जर, तार, स्टीलचे भांडे आत ठेवू नकोस.

भट्टी रिकामी चालवू नकोस. ती चालू असताना सोडून जाऊ नकोस.

धूर दिसला तर दार उघडू नकोस. बटण बंद कर, पिन काढ. आग थांबली नाही तर सगळ्यांना घेऊन बाहेर पड आणि 101 ला फोन कर.

आपल्या हातची वस्तू दुसऱ्याच्या घरी जाते. तिच्याबरोबर आपला शब्दही जातो. तो जळू देऊ नये.